विळा घेऊन फिरायला

सात वर्षांपूर्वी मी गवत चोरलं. दावणीला एकही जनावर नसताना. म्हैस आम्ही आदल्या वर्षीच विकली होती आणि गोठ्यात मोटारसायकल उभी असायची. तरीसुद्धा मी, निवृत्त हवालदाराची बायको, दोन नातवंडांची आजी, अठ्ठावन्न वर्षांची घोडी, परक्याच्या बांधावर ओणवी होऊन खसाखसा हत्तीगवत कापत होते. कशासाठी? तर लांबच्या रानात पाणी पाजणारा एक माणूस माझ्याकडं बघत होता, आणि मी नुसती चालायला आले आहे हे त्याला कळू नये, एवढ्यासाठी.

हसायला हरकत नाही. मी स्वतः त्या बाईला गेली सात वर्षं हसते आहे. पण हसून झालं की दर वेळी तळाला राग शिल्लक राहतो. तो थोडा गावावर आहे आणि बराचसा तिच्यावर आहे.

सुरुवात सांगलीत झाली. पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडं गेले, तर रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. रोज पाऊण तास चालायचं. झपझप." मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे काय औषध झालं? जन्मभर चालतेच आहे की!

आणि चाललेच होते. लग्न होऊन आष्ट्याजवळच्या या गावात आले तेव्हापासून पायांना विसावा नव्हता. पण गाडीनं परतताना मला एक गोष्ट उमगली आणि एस.टी.च्या खिडकीशी बसून मी घाबरले. इतक्या वर्षांत या गावच्या रस्त्यानं मी रिकाम्या हातानं एकदाही गेले नव्हते. डोक्यावर घागर, नाहीतर वैरणीचा भारा. कमरेवर पोर. रानातल्या माणसांची भाकरी. नैवेद्याचं ताट. आमच्याकडं बाई हात हलवत रस्त्यानं निघाली तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर कुणी गेलं आहे, नाहीतर ती रुसून माहेरी निघाली आहे.

आमच्या मालकांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना गावात सगळे मेजर म्हणतात. सैन्यातून हवालदार म्हणून घरी आले तरी मेजरच. ते आणि त्यांच्यासारखेच पलटणीतून परतलेले तिघं-चौघं पहाटे पांढरे बूट घालून कारखान्याच्या फाट्यापर्यंत जायचे, फाट्यावर चहा प्यायचे, निवडणुकीवर भांडायचे आणि उन्हं वर आल्यावर परतायचे. त्यांना आजवर कुणी विचारलं नाही, की कुणीकडं निघालात. उलट मास्तर शाळेतल्या पोरांना त्यांच्याकडं बोट दाखवून सांगायचे, बघा, शिस्त बघा.

पहिल्या दिवशी मी रिकाम्या हातानं निघाले. चावडीपर्यंत पाच जणांनी अडवलं.

"काकी, कुनीकडं?"

"मंदिरात."

दुसऱ्या दिवशी तेच पाच जण. "काल बी मंदिर, आज बी मंदिर? नवस बोललाय का काय?" एकीनं तर जवळ येऊन हळूच विचारलं, "मेजर काय बोललं का? भांडान झालंय का घरात?"

खरं बोलायला काय झालं होतं? 'मला शुगर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय', एवढं एक वाक्य. पण ते माझ्या जिभेवर येईना, आणि का येईना ते मला पक्कं माहीत होतं. कारण रस्त्यावरच्या बायांना अडवणारी या गावातली सगळ्यात मोठी मीच होते. त्याच्या चार वर्षं आधी शाळेवर एक नव्या बाई आल्या होत्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, संध्याकाळी शाळेपासून ओढ्यापर्यंत दोन फेऱ्या. मी आमच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेली असायची. रोज त्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "बाई, वजन उतरवायचंय व्हय? माझ्या रानात या, खुरपं देते! दोन सऱ्यांत उतरंल!" कट्ट्यावरच्या सगळ्या हसायच्या. मला वाटायचं, काय विनोदी आहे मी. महिन्याभरात बाई फिरायच्या बंद झाल्या. पुढं बदली करून गेल्या. त्या वेळी कुणी माझ्या तोंडावर शेंगांची टरफलं फेकायला हवी होती.

तर आता तोच कट्टा आणि तीच तोंडं माझ्या वाट्याला आली. मग तिसऱ्या दिवशी माझ्यातल्या हुशार बाईनं युक्ती काढली. कोपऱ्यात गंजत पडलेला विळा आणि दोरी घेतली. जादूच झाली! एकानंही विचारलं नाही. विळा हातात असलेली बाई म्हणजे कामाला निघालेली बाई. तिला कशाला कोण अडवेल?

अडवलं नाही, पण बसवलं. चौथ्या दिवशी पाटाच्या रस्त्यानं मी झपझप चालले होते, तर भावकीतला एक जण डेअरीत दूध घालून मोटारसायकलवरनं आला. "काकी, बसा की. मळ्यात सोडतो." मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "आवं, या वयात एवढं चालत जाताय आन् मी मोकळी गाडी नेऊ व्हय? मेजर काय म्हनतील मला?" आणि ती हुशार बाई बसली! डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तिनं मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून केला, आणि वर उतरताना त्याला आशीर्वाद दिला. पुढचे दोन दिवसही तसेच गेले. एकदा ट्रॅक्टर, एकदा ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची गाडी. आमच्या गावात माया एवढी आहे, की बाईला पायी चालू देत नाहीत.

मग मी ओळखूच येऊ नये म्हणून सुनेचा स्कार्फ घेतला. हिरवा. ती दवाखान्याला जाताना तोंडाला बांधायची तो. डोळे तेवढे उघडे ठेवून मी निघाले.

आता सुनेबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यावरच जाऊन आदळलं. ती म्हसवडकडची, दुष्काळी भागातली. तिचं माहेर मेंढरांमागं हिंडणारं. आता शेती आहे, पण तिच्या आज्यानं कळप घेऊन किती गावं पायाखाली घातली त्याचा हिशेब नाही. लग्नाआधी ती स्वतः शाळेला तीन मैल चालत जायची. तिची चाल बघण्यासारखी होती. आमच्या घरात आली आणि चाल गेली. माझा मुलगा सैन्यात, लांब सरहद्दीवर. ती, दोन मुलं आणि आम्ही दोघं म्हातारे. दुसऱ्या बाळंतपणात तिला साखर निघाली होती. मूल झाल्यावर ती ओसरली, पण त्याच सांगलीच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "चालत राहा, नाहीतर चाळिशीच्या आत परत येईल."

मला चालायला सांगितलं त्याच दिवशी ती म्हणाली होती, "आत्या, मी बी येऊ का? मला बी सांगितलंय डॉक्टरनी."

मी काय म्हणाले? "दोघी गेल्यावर घरात कोन? आन् तू काय बसून असतीस का गं? धुणं, भांडी, केर, हा काय व्यायाम न्हाई?"

हेच वाक्य डॉक्टर मला म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते.

ती दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून गच्चीवर फेऱ्या मारायला लागली. आमची गच्ची म्हणजे चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं, मध्ये पाण्याची टाकी आणि वरचा मजला कधीतरी होईल म्हणून सोडलेल्या सळया. ती त्या टाकीभोवती फिरायची. खाली मेजर कूस बदलत म्हणायचे, "डोक्यावर कसली परेड चाललीय?" मग ती अनवाणी फिरायला लागली, आवाज होऊ नये म्हणून.

तर तो दिवस. हिरवा स्कार्फ बांधून मी पाटाच्या कडेनं पार शेवटच्या मळ्यापर्यंत गेले. दम लागला म्हणून थांबले. समोर तो पाणी पाजणारा. त्यानं फावडं टेकलं आणि माझ्याकडं टक लावून बघायला लागला. विळा हातात, दोरी खांद्यावर आणि बाई नुसती उभी! काय म्हणेल तो? आमच्या स्वतःच्या बांधावर तणनाशक मारलेलं, हिरवी काडी नाही. शेजारच्या बांधावर हत्तीगवत पुरुषभर उंच. मी वाकले. कापलं. भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि घरी आणला. घरी आणल्यावर आठवलं, म्हैस नाही. मग गपचूप उकिरड्यावर टाकला.

सुनेनं न्हाणीच्या दारातून पाहिलं. मी तिला म्हटलं, "तण काढलं बांधावरचं." ती "बरं" म्हणाली. स्कार्फ धुऊन दोरीवर वाळत घातला.

दुपारी त्या बांधाची मालकीण दारात. आमच्या शेजारच्याच गल्लीतली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्या दोन गाई त्या गवतावर जगत होत्या. तिनं लावणीचे ठोंब कुठून तरी लांबून आणून लावलेले, साऱ्या शिवारात तसं गवत दुसरीकडं नव्हतं. आणि ते आमच्या उकिरड्यावर सुकून पडलेलं.

"मेजर घरात हायत का? बघा म्हनावं तुमच्या घरातला परताप! मुक्या जनावराच्या तोंडचं काढून उकिरड्यावर टाकलंय! खायाला घातलं असतं तरी म्या काय बोलले नसते!"

मी म्हटलं, "कुनी कापलं, बघितलं का कुनी?"

"बघितलंय की! पानी पाजत व्हता त्यानं सांगितलं. हिरवा स्कार्फ बांधलेली बाई, भारा घेऊन गावाकडं गेली. आन् गवत तुमच्या उकिरड्यावर!" आणि तिनं दोरीवरच्या स्कार्फकडं बोट केलं. मग सुनेकडं. "दुष्काळातली न्हवं गं तू? गवत दिसलं की हात शिवशिवत असतील तुमचे. चारा छावणीत वाढलेली माणसं!"

सुनेच्या हाताला पीठ होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं आणि मी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. मेजर खुर्चीत ताठ झाले होते. गल्लीतल्या चार जणी दारात जमल्या होत्या.

मी गप्प राहिले असते तरी परवडलं असतं. पण मी बोलले. म्हणाले, "जाऊ द्या वैनी. पोर हाय. चुकली असंल. मी माफी मागते तिच्या वतीनं."

आजही हे लिहिताना हात थांबतो. तिच्या वतीनं! चोरी माझी, आणि माफी मागून मोठेपणाही माझाच. कारण काय, तर 'मी चालायला गेले होते' हे म्हणायची लाज वाटली. चोर म्हणवून घ्यायची लाज त्याहून कमी होती, पण तीसुद्धा सुनेच्या अंगावर ढकलून मोकळी झाले.

सून आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज आला. त्या दिवशी भाकरी जरा जोरात थापल्या गेल्या, इतकंच.

गावाला विषय मिळाला. फोनवर मुलाच्या कानावर गेलं. त्यानं तिकडून तिला सांगितलं, "सध्या बाहेर जाऊ नको. लोक बोलत्यात." म्हणजे तिचं दवाखान्याला, दुकानाला जाणंही मेजरांच्या गाडीवरून व्हायला लागलं. राहिली गच्ची. मी मात्र आठवडाभर थांबून पुन्हा विळा घेऊन फिरायला लागले, आणि माझी साखर उतरायला लागली.

तिची चढली. पुढच्या महिन्यात तिची तपासणी होती. मी बरोबर गेले होते. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "काठावर आलीय. सांगितलं होतं ना? चालत नाही का तुम्ही?"

"चालते."

"कुठं?"

"गच्चीवर."

"गच्चीवर काय चालता? रस्ते नाहीत का तुमच्या गावाला?"

 डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "आजी, तुमचा रिपोर्ट बघा किती छान आलाय! यांना पण नेत जा बरोबर."

परतताना बसस्टँडला जायच्या आधी आम्ही कृष्णेच्या काठावर थोडं थांबलो. तिथं बाया फिरत होत्या. साडीवर बूट, कानात वायर, हात हलवत. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. माझ्या सुनेनं त्या बायांकडं असं बघितलं, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतं. मग म्हणाली, "चला आत्या, गाडी चुकंल."

मी त्या गाडीत बसून ठरवलं, सांगून टाकायचं. चारचौघांत. जिथं तिचं नाव गेलं तिथंच.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेले. सकाळची वेळ, सात-आठ जणी डबे घेऊन नंबर लावून बसलेल्या. बांधाची मालकीणही होती. मी डबा खाली ठेवला आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाले, "ऐका गं सगळ्या. त्या दिवशीचं गवत माझ्या सुनंनं न्हाई कापलं. मी कापलं. स्कार्फ तिचा व्हता, डोकं माझं व्हतं."

 मग बांधाची मालकीण उठली. मला वाटलं, आता हिचा हात माझ्या झिंज्यांत पडणार. तर तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि तिचे डोळे भरलेले!

"आवं वैनी," ती म्हणाली, "सुनंसाठी एवढं कोन करतं? तिची चोरी सोताच्या अंगावर घेताय?"

"आगं, घेत न्हाई! खरंच मी कापलं!"

"बघा, अजून तेच म्हनत्यात," एकीनं दुसरीला सांगितलं.

"अशी सासू मिळाया नशीब लागतं बया. माझी असती तर दारात उभं करून बडवलं असतं मला."

"आगं, मी चालायला गेले व्हते!" मी ओरडले. "नुसतं चालायला! शुगर हाय मला!"

हशा पिकला. "चालायला? आन् इळा कशाला? शुगर कापाया?"

"राबनाऱ्या बाईला कुठली शुगर यीतीया? ती बसून खानाऱ्यांना हुती."

"तुमी गप बसा वैनी, आमी वळखतो तुमाला. तुमच्यासारखी देवमाणूस बाई काय दुसऱ्याच्या बांधाला हात लावंल?"

मी शपथ घेतली. त्यांनी ती शपथसुद्धा माझ्या चांगुलपणात जमा केली. पाणी पाजणाऱ्याला साक्षीला बोलवा म्हटलं, तर गिरणीवाला म्हणाला, "त्यानं तोंड कुठं बघितलंय काकी? डोळंच दिसत व्हतं." बरोबर आहे. मीच झाकलं होतं.

दळण घेऊन मी घराकडं निघाले तेव्हा मागं त्यांचं चाललंच होतं. सून किती नशीबवान, आणि एवढ्या चांगल्या सासूची तिनं काय शोभा केली! म्हणजे मी गेले होते तिला सोडवायला आणि तिच्या गळ्यात आणखी एक धोंडा बांधून आले. या गावाला बाई चोर असू शकते हे पटतं. देवमाणूस असू शकते हेही पटतं. पण बाई सकाळी उठून स्वतःच्या जिवासाठी पाऊण तास चालू शकते, हे नाही पटत. मला एवढा संताप आला की डबा तिथंच रस्त्यावर आपटावासा वाटला. पण संताप कुणावर काढू? त्यांना हे सगळं शिकवलं कुणी? रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून शिकवणारी मीच की.

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यांनी काय काय म्हटलं तेही. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मेजर ऐकत होते, ते म्हणाले, "झालं ते झालं, आता विषय वाढवू नका." मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, "तुमी फाट्यावर जाऊन चहा पिऊन या." त्या घरात मी त्यांना असं पहिल्यांदाच बोलले. ते खरंच उठून गेले.

मग मी मुलाला फोन लावला. म्हटलं, गवत मी चोरलं, तुझ्या बायकोनं नाही, आणि उद्यापासून ती बाहेर जाणार, तुझं काही म्हणणं असेल तर सुट्टीवर आल्यावर माझ्याशी बोल. त्यानं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आई, तू गवत चोरलंस?" त्याचाही विश्वास बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तयार होऊन दारात उभी राहिले. पदर खोचलेला, मेजरांचे जुने पांढरे बूट पायात, पुढं कापूस कोंबलेले. मला वाटत होतं मी मोठी लढाई जिंकायला निघाले आहे. सून आतून आली. साडी नेहमीची, पायात चपला, तोंड उघडं.

मी म्हटलं, "चल. दोघी जाऊ. मी संगं असल्यावर कोन बोलतंय बघते."

ती उंबऱ्याशी थांबली. माझ्याकडं असं सरळ बघून ती आधी कधी बोलली नव्हती.

"न्हाई आत्या. तुमी संगं आला तर लोक म्हनतील, सासू किती चांगली, एवढं झालं तरी सुनंला फिराया नेतीया. परत तुमचंच नाव हुईल. त्या बाईच्या बांधावरनं मला एकटीला जाऊ द्या. काय बोलायचं ते बोलू द्या तिला. पोरं उठली तर दूध तापवून ठेवलंय, तेवढं द्या."